पावती माझ्या नावाची

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पुण्याच्या मित्रांपाशी नाही, आणि ज्या दोघींना ते ऐकण्याचा हक्क आहे त्यांच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतो आहे. तुम्ही मध्येच थांबवून 'पण का?' असं विचारू शकत नाही, म्हणून असेल कदाचित.

बातमी कशी लिहायची ते मला येतं. अकरा वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. काय घडलं, कोणी केलं, कुठे, कधी — हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. वाचकाला खाली शोधायला लावायचं नाही. दुसऱ्यांच्या बातम्यांत पाचव्या परिच्छेदात दडलेली गोष्ट मी शेकडो वेळा उचलून वर आणली आहे. आज स्वतःची आणायची आहे, आणि बघा — दुसरा परिच्छेद संपत आला तरी मी अजून प्रस्तावनाच करतो आहे.

आधी एवढं सांगून टाकतो: मी सुखात आहे. दुबईत चौदा वर्षं झाली, एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागात बरी नोकरी आहे, अल नाहदाला घर आहे, बायको शाळेत शिकवते, मुलगा दहावीत आहे. रात्री झोप लागते. कबुली देणारा माणूस आतून पोखरलेला असावा अशी अपेक्षा असते ना? तसं काही नाही. किंबहुना ज्या गोष्टीबद्दल मी हे लिहितो आहे, तिने मला गेली सात वर्षं आनंदच दिला. अडचण आहे ती तिथेच.

दुबईत पगारावर कर नाही. तरीही इथे आमच्या मराठी मंडळींत देणगीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो — 'ऐंशी-जीची पावती मिळेल ना?' भारतातल्या प्राप्तिकर कायद्यातलं हे कलम. मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली, की तिचा काही भाग करपात्र उत्पन्नातून वजा होतो. इथे राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तर कोणाचा तिकडे फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, कोणाच्या ठेवींवर व्याज येतं. त्यावर तिकडे कर बसतो. ज्याचं तिकडे काहीच नाही, तो पावती भावाच्या नावाने करून घेतो. पैसे दुबईचे, दानशूर भाऊ नाशिकचा. नियमात न बसणारी गोष्ट, पण लोक ती हसतखेळत करतात.

महाराष्ट्रातला एक ट्रस्ट गरजू मुलामुलींना शिष्यवृत्त्या देतो. आमच्यातले दहा-बारा जण दर जूनमध्ये आपापल्या भारतातल्या खात्यातून त्याला पैसे पाठवायचे. मी लिहिण्या-वाचण्यातला माणूस, म्हणून सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे यायचे. फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता: 'पावती कोणाच्या नावाने?'

त्या रकान्यात मी एकदा जे नाव लिहिलं, त्याची ही गोष्ट आहे.

मंगलताई इथल्याच इंटरनॅशनल सिटी या वस्तीत एका गाळ्यात डबे बनवतात. त्या गडहिंग्लजच्या, त्यांचे यजमान एका कंत्राटदार कंपनीत फोरमन आहेत. दोघांना मूलबाळ नाही. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस त्यांचा डबा येतो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, मला 'संपादक' म्हणतात, आणि त्या शब्दात आदर शोधायला गेलात तर निराश व्हाल. "काय संपादक, काल आमटीत चूक सापडली न्हाई वाटतं? फोन न्हाई आला." असं त्यांचं चालतं.

सात वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये डबा द्यायला त्या स्वतः वर आल्या. हातात पाकीट होतं.

"दोन हजार दिरहम हायत. म्हंजे अडतीस हजार होत्यात ना रे? त्या तुझ्या ट्रस्टला पाठव. पण एक अट. पोरगीच पायजे, आणि नर्सिंगचीच."

मी विचारलं, नर्सिंगच का?

"मला व्हायचं होतं. दहावीला अठ्ठावन्न टक्के होते, हसू नको, तवा लई असायचे. वडील म्हणाले, परक्यांची घाण काढणार काय? खलास. विषय संपला."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या, बाजारभाव सांगावा तसं. मी फॉर्म काढला. त्यांच्या नावाने पावती करायची तर पॅन कार्ड हवं होतं. त्यांचं जुनं कार्ड बंद पडलेलं, आणि भारतात चालू खातंही नव्हतं. पैसे माझ्या खात्यातून जाणार हे उघड होतं. मी म्हटलं, कार्ड चालू करून घेऊ, महिनाभर लागेल.

"कशाला? मला तिकडं टॅक्स न्हाई, इकडं टॅक्स न्हाई. तुझा पुण्याचा फ्लॅट हाय की भाड्यानं. फाड पावती तुझ्या नावानं. तेवढाच तुझा फायदा."

आपल्याकडे पावती 'फाडतात', आणि दुसऱ्याच्या नावावर फाडतात ती बहुतेक वेळा चुकीची. दोष एकाचा, पावती दुसऱ्याच्या नावावर. इथे उलटं झालं. चांगुलपण त्यांचं, पावती माझी. त्या दिवशी मला त्यात काही खटकलं नाही. मी फॉर्म भरला, आणि मार्चनंतर विवरणपत्रात ती देणगी दाखवून वजावटही घेतली. वाचला तो कर किरकोळ होता. ते खोटं होतंच, आणि तेही इथे नोंदवून ठेवतो. पण मी ज्याच्याभोवती फिरतो आहे, ते हे नाही.

ट्रस्टची एक पद्धत होती. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला देणगीदाराचं नाव कळवायचे — अर्थात पावतीवरचं — आणि विद्यार्थ्याने वर्षातून दोनदा त्या व्यक्तीला हाताने लिहिलेलं पत्र पाठवायचं. ऑक्टोबरमध्ये मला ईमेलने पहिलं पत्र आलं. अश्विनी, जत, वडिलांचं इस्त्रीचं दुकान, नर्सिंगचं पहिलं वर्ष. रेघांच्या कागदावर दोन पानं. 'आदरणीय काका' अशी सुरुवात. वसतिगृहाच्या खिडकीतून शवागाराचा दरवाजा दिसतो, आधी भीती वाटायची, आता तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ झालं आहे, असं तिने लिहिलं होतं. शेवटी 'आपले आशिर्वाद असावेत'. 'शि' ऱ्हस्व.

त्या ऱ्हस्व 'शि'पाशी मी किती वेळ थांबलो असेन? मला पुन्हा कोणीतरी मजकूर दिला होता. इथे माझ्या हातून जातात ती इंग्रजी पत्रकं. मुलाला मराठीत काही विचारलं, तर 'ओके बाबा, डन' असं उत्तर येतं. आणि इथे एक मुलगी, जिला खिडकीतून काय दिसतं ते नेमकं सांगता येतं, मला दोन पानं लिहिते, आणि तिच्या हातून एकच अक्षर चुकतं.

मी त्याच दिवशी, ऑफिसात बसून, उत्तर लिहिलं. 'आशीर्वाद' दीर्घ का, ते सांगितलं. शवागाराचं वाक्य उत्तम आहे, असं सांगितलं. आणि शेवटी लिहिलं — मी ते तंतोतंत देतो — 'फीची काळजी करू नकोस. तुझ्या शिक्षणाची जबाबदारी आता माझी.'

हे वाक्य लिहिताना मला मंगलताई आठवल्या का? आठवल्या. मी क्षणभर थांबलो. मग 'पाठवा' हे बटण दाबलं.

बुधवारी त्या डबा घेऊन आल्या. दारातच विचारलं, "पोरीचं काय कळलं का रे? मिळाली का कोण?" पत्र माझ्या फोनमध्ये होतं, फोन हातात होता. ते वाचून दाखवायला तीन मिनिटं लागली असती. पण पत्र 'काका'ला होतं. दाखवलं असतं तर पुढे त्यांनी विचारलं असतं, तू काय लिहिलंस? आणि माझं उत्तर त्यांना दाखवता येण्यासारखं नव्हतं.

मी म्हणालो, "मिळाली. नर्सिंगचीच आहे. पण ट्रस्टवाले नाव कळवत नाहीत, ताई. नियम आहे. मुलांना ओशाळं वाटू नये म्हणून."

हे आलं बघा. ही ती गोष्ट. नियम मी तयार केला. त्याला कारणही दिलं, आणि कारण इतकं शोभणारं होतं की ताईंनी मान डोलावली. "बरोबर हाय. उगं उपकाराखाली कशाला ठेवायचं लेकराला." त्या समाधानाने खाली गेल्या.

त्यानंतर आणखी तीन वर्षं दर जूनला त्यांनी पाकीट दिलं, आणि मी पावती माझ्या नावाने केली. चार वर्षांत अश्विनीची आठ पत्रं आली. तिसऱ्या पत्रानंतर ती फोनही करू लागली. तिला पहिल्यांदा मृत्यू पाहावा लागला तेव्हा तिने मला लिहिलं. प्रात्यक्षिक परीक्षेत पहिली आली तेव्हा वडिलांच्या आधी मला कळवलं. मी तिचं मराठी सुधारलं, मग इंग्रजी. मुलाखतीची तयारी करून घेतली. बायकोला वाटायचं मी गुपचूप दान करणारा माणूस आहे. तिने ते एक-दोघींना कौतुकाने सांगितलंही. मी 'कशाला सांगतेस' म्हणालो. ते विनयाने म्हटलं, असं तिला वाटलं. आणि मंगलताई? त्या दर दोन-तीन महिन्यांनी विचारायच्या, "पास झाली का रे माझी?" मी सांगायचो, झाली म्हणे. एवढं देत होतो. जिने आठ पत्रं लिहिली, तिच्याबद्दल एक शब्द — 'झाली'.

वाईट वाटायचं का? खरं सांगतो, फारसं नाही. पत्र आलं की दिवस चांगला जायचा.

अश्विनीने पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, इथली परवान्याची परीक्षा दिली, आणि गेल्या वर्षी अबू धाबीतल्या एका रुग्णालयात रुजू झाली. खलिफा सिटीत तिघी नर्सेस मिळून राहतात. पहिल्या सुटीच्या दिवशी ती बसने दुबईला आमच्याकडे जेवायला आली. बायकोने हौसेने पुरणपोळीचं जेवण मंगलताईंकडे सांगितलं होतं. मला ते आदल्या दिवशी कळलं. काय म्हणून नको म्हणणार होतो? डबे घेऊन बहुतेकदा त्यांचा ड्रायव्हर येतो, तो देऊन जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. नेमका तो केरळला रजेवर गेला होता.

मंगलताई आत आल्या, डबे ओट्यावर ठेवले, आणि टेबलाशी बसलेल्या मुलीकडे पाहून म्हणाल्या, "ही कोण पावणी?"

बायकोने सांगितलं — अश्विनी, नर्स आहे, अबू धाबीला.

"नर्स!" ताईंनी खुर्ची ओढली. त्या आमच्याकडे कधी बसत नाहीत. खाली गाडी थांबलेली असते. "कुठली गं तू?"

"जतची, मावशी."

"अगं मग आमच्याच पट्ट्यातली की! इंजेक्शन देताना हात कापतो का गं अजून?"

"पहिल्यांदा कापला होता. पेशंट म्हणाला, सिस्टर, तुम्ही आधी पाणी प्या."

दोघी खळखळून हसल्या. मग अश्विनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी शिकले ती काकांमुळे. चारही वर्षं त्यांनी फी भरली. ट्रस्टमार्फत."

ताई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर संशय नव्हता, नवल होतं. "तू पण देत होतास? आणि ती पण नर्सिंगची? बोलला न्हाईस कधी."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं: ही तुमचीच. दोन शब्दांचं वाक्य. दोघी हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. यापेक्षा सोपी वेळ कधी आली असती?

"हो," मी म्हणालो. "मी वेगळे देत होतो. ही — ही दुसरी."

"म्हंजे माझी वेगळी."

"हो."

"तुम्हीपण शिकवलंत कोणाला, मावशी?" अश्विनीने विचारलं. "कोण ती? आमच्या बॅचची असेल तर मी ओळखेन."

"नाव सांगत न्हाईत गं. नियम हाय."

"कसला नियम? आम्हाला तर पत्रं लिहायला लावायचे —"

"काही देणगीदारांनाच," मी मध्ये बोललो. "ते नंतर सुरू झालं." आवाज अगदी सरळ निघाला. डेस्कवर असताना फोनवर कोणाचा खुलासा टाळायचा असे, तेव्हाचा माझा आवाज.

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. तिला काय कळलं, मला माहीत नाही. जे माहीत नाही ते लिहू नये, म्हणून लिहीत नाही.

मंगलताईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप सोडलं. "असू दे. माझी पण आता अशीच लागली असंल कुठंतरी नोकरीला. जेव बाय तू, हात आखडू नको." आणि माझ्याकडे बघून, "संपादक, तू काय बघत बसलाईस? यल्ला, चल, तू पण घे."

मी दोन पोळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

पुढचं जे झालं त्यात माझा हात नाही, आणि मी त्याचं श्रेय घेणार नाही. श्रेय घेण्याच्या बाबतीत माझा इतिहास तुम्ही वाचलाच आहे. अश्विनीने त्या दिवशी ताईंचा नंबर घेतला. आता महिन्यातल्या दोन सुट्या ती इंटरनॅशनल सिटीत काढते. ताईंचा रक्तदाब तपासते, मीठ कमी करायला लावते, ताई ऐकत नाहीत, दोघी भांडतात. ताईंचे यजमान म्हणतात, घरात दोन मुकादम झाले. ती आल्यापासून गाळ्यात हसण्याचा आवाज असतो. हे पाहून मला बरं वाटतं — मनापासून बरं वाटतं — आणि मग लक्षात येतं की हे बरं वाटणंही मी फुकटच घेतो आहे. त्या दोघी एकमेकींना सापडल्या म्हणून माझं खोटं लहान होत नाही. ताई तिला परकी समजून जीव लावतात; ती परकी नाही, हे फक्त मला माहीत आहे. चार वर्षं स्वतःच्या कमाईतून जिला शिकवलं, ती समोर बसून लसूण सोलते, आणि ताईंना वाटतं आपली मुलगी भलतीकडेच कुठेतरी आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मी ऑर्डर न्यायला गाळ्यावर गेलो होतो. ताई म्हणाल्या, "ट्रस्टला एकदा विचार की रे. आता नियम ठेवून काय करायचंय? पोरगी शिकून मोकळी झाली. मला पैसे नकोत, पाया पडून घ्यायचं न्हाई. नुसतं बघायचं हाय, कशी दिसते."

अश्विनी मागे कणीक मळत होती. तिचा हात थांबला नाही.

मी म्हणालो, विचारतो.

विचारायचं कोणाला होतं? घरी आलो आणि हे लिहायला बसलो. समोर बसून सांगायचं धाडस माझ्यात नाही, ते सात वर्षांत सिद्ध झालं आहे; छापून सांगणं हाही त्याच भित्रेपणाचा प्रकार आहे, हे मला कळतं. ट्रस्टकडे पत्र पाठवलं आहे: चारही वर्षांची देणगी कोणाची होती ते नोंदवावं, म्हणून. पुण्याच्या कर-सल्लागाराला त्या वजावटींपुरतं खरं कळवलं आहे. कर आणि दंड जो बसेल तो भरेन. आठही पत्रांच्या प्रती काढून पाकिटात घातल्या आहेत, सोबत माझी उत्तरंही, त्या पहिल्या उत्तरासकट. पाकिटावर मंगलताईंचं नाव आहे.

हा मजकूर छापून येईल त्या आठवड्यात ते पाकीट त्यांच्याकडे जाईल. त्यानंतर बुधवारी डबा येईल की नाही, पुढच्या सुटीला अश्विनी फोन करेल की नाही, ते त्या दोघी ठरवतील.

अशा मजकुराखाली 'यातील नावे बदलली आहेत' अशी एक ओळ टाकायची आमच्या व्यवसायात पद्धत आहे. मी ती टाकलेली नाही.